शंख-शिंपल्यांचे डिंभ कसे पाहावेत: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

खाडीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, त्यातला थेंब काचेवर ठेवायचा आणि शिंपल्याचा डिंभ, म्हणजे अंड्यानंतरचं, मोठ्यांसारखं न दिसणारं पिल्लू, शोधत बसायचं. नव्यानं या वाटेला लागणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि इथेच कंटाळतात. त्या एका थेंबात शेकडो गोष्टी वळवळत असतात. शिंपल्याचं पिल्लू कोणतं, खेकड्याचं कोणतं आणि समुद्री कृमीचं कोणतं, हे आधी कधी पाहिलंच नसेल तर ओळखणार कशावरून? म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी अशी अंडी पाहायची ज्यांची आई समोरच्या बरणीत बसलेली आहे. मग कालवांची अंडी आपल्या हातानं फळवायची. खाडीचं पाणी सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळलात तर शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकसुद्धा पुरतो.

काय पाहायचं आहे

कालवं, तिसऱ्या, शिणाणे, गोगलगायी, शंख या सगळ्या मृदुकाय प्राण्यांची वाढ मोठ्यांच्या रूपात सुरू होत नाही. फळलेलं अंडं दुभंगतं, पुन्हा दुभंगतं, आणि काही तासांत त्याचा ट्रोकोफोर होतो. भोवऱ्यासारखा हा गोळा कमरेभोवतीच्या सूक्ष्म केसांच्या पट्ट्यावर गरगरतो. या केसांना पक्ष्माभिका म्हणतात. पुढे त्याच पट्ट्याची रुंद झालर होते, तिला व्हेलम म्हणतात. झालर आली, पाठीवर कवच आलं की तो व्हेलिजर. झालर दोन कामं करते: पोहणं आणि पाण्यातले शेवाळाचे कण तोंडाकडे ओढणं. शिंपल्यांमध्ये त्यानंतर पाय फुटतो, अनेकांत डोळ्याचा काळा ठिपका येतो, आणि प्राणी बसायला जागा शोधू लागतो. हा पेडिव्हेलिजर. जागा पसंत पडली की झालर गळते आणि परत कधी येत नाही.

सगळ्यांकडून याची अपेक्षा धरू नका. म्हाकूल आणि माखली मृदुकायच, पण त्यांच्या अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू आधीच आईबापांच्या वळणाचं असतं. तळ्यातली मोठी पायला गोगलगाय पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत अंडी घालते आणि त्यातून थेट छोटी गोगलगाय निघते. विहिरीत सापडणारी बेलामिया तर पिल्लांनाच जन्म देते. नदीतल्या मोठ्या शिंपल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. लॅमेलिडेन्सची मादी अंडी आपल्या कल्ल्यांमध्ये वाढवते, आणि बाहेर पडणारा ग्लोकिडियम नावाचा डिंभ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून जगतो. युरोपात 1797 साली राट्केनं या ग्लोकिडियमला शिंपल्यात राहणारा स्वतंत्र परजीवी ठरवून तसं नावही दिलं होतं. ही शिंपल्याचीच पिल्लं आहेत हे लेवेनहुकनं त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

साहित्य

संयुक्त सूक्ष्मदर्शक, 4 आणि 10 पटीची वस्तुभिंगं चालू स्थितीत असलेला. 40 चं भिंग असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटानं बनवलेला कागदी फोल्डस्कोप साधारण 140 पट मोठं दाखवतो, तोही चालतो, फक्त जिवंत हलणाऱ्या गोष्टीमागे तो फिरवायला हात बसावा लागतो.

खोलगट काचपट्टी मिळाली तर घ्या. नाहीतर साध्या काचपट्टीवर व्हॅसलीनचं छोटं कडं करा, त्यात थेंब ठेवा आणि वरून झाकणकाच अलगद टेकवा. आधार न देता झाकणकाच टाकली तर अंडी चिरडतात. पुढे काहीच वाढत नाही याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

आणि मोजायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी भिंगाखाली ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास एकदा मोजून ठेवा. 100 पटीला (10 चं वस्तुभिंग आणि डोळ्याकडचं 10 चं भिंग) तो बहुतेक सूक्ष्मदर्शकांत दोन मिलिमीटरच्या थोडा आत असतो. शिवाय डोक्यावरचा एक केस काचेवर ठेवा. त्याची जाडी 60 ते 100 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मध्ये कुठेतरी भरते, आणि कालवाचं अंडं, पहिल्या दिवसाचा डिंभ, गोगलगायीची अंडपेशी ही सगळी याच मापाच्या आसपासची आहेत.

पायरी पहिली: बरणीतली गोगलगाय

मत्स्यटाकीच्या दुकानातून आणलेल्या वनस्पतींवर, कमळाच्या टाक्यात, भाताच्या खाचरात, देवळाच्या तळीत छोट्या गोगलगायी सापडतात. तीन प्रकार सहज मिळतात. लिम्निया: निमुळतं, पातळ, मोठ्या तोंडाचं कवच. फायसा: तसंच, पण आकारानं लहान आणि चकचकीत. इंडोप्लॅनॉर्बिस: चपटी, गुंडाळीसारखी. लिम्निया आणि फायसा दोन्ही मिळवा, त्यामागचं कारण पुढे येईल.

शेतातल्या किंवा तळ्यातल्या गोगलगायी असतील तर हातमोजे घाला आणि त्या पाण्यात हात बुडवून बसू नका. त्यांच्या अंगातून सर्केरिया नावाचे, शेपटी असलेले चपट्या कृमींचे डिंभ बाहेर पडतात. काही जातींचे सर्केरिया त्वचेत घुसून खाज आणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात पन्नासच्या दशकात माणसांमधला शिस्टोसोमियासिस (अशाच सर्केरियांमुळे होणारा कृमींचा रोग) नोंदवला गेला, तोही फेरिसिया नावाच्या बारीकशा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीमार्फत. नव्या माणसानं पहिल्यांदा टाकीतल्या, दुकानातून आलेल्या गोगलगायी घ्याव्यात असं माझं मत त्यामुळेच आहे. शिवाय शेपटीवाला सर्केरिया पाहून गोगलगायीचं पिल्लू दिसलं असा गैरसमजही होत नाही.

नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. चार-पाच मोठ्या गोगलगायी बरणीत ठेवा, खायला उकडलेला पालक किंवा काकडीची चकती द्या. आता एक युक्ती. दोन-तीन दिवस पाणी बदलू नका आणि मग त्यांना अचानक स्वच्छ, ताज्या पाण्यात हलवा. लिम्निया या बदलानंतर बहुतेकदा काही तासांत अंडी घालते. काचेला चिकटलेली पारदर्शक जेलीची पट्टी दिसेल. लिम्नियाची लांबट, फायसाची आखूड आणि किंचित वाकडी. पट्टीत दहा-वीसपासून पन्नासपर्यंत, कधी त्याहून जास्त बारीक पुटिका (द्रवानं भरलेल्या पिशव्या) असतात आणि प्रत्येक पुटिकेत सहसा एकच भ्रूण. घातल्याची वेळ लिहून ठेवा. ही वेळ माहीत नसेल तर पुढचं निरीक्षण अर्धं वाया जातं.

जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं पट्टी अलगद सोडवा, खोलगट काचपट्टीवर त्याच पाण्याच्या थेंबात ठेवा. पाहून झालं की लगेच छोट्या वाटीत परत. दिव्याखाली काच तापते, म्हणून एका बैठकीत पाच मिनिटांपेक्षा जास्त नको.

खोलीचं तापमान 26 ते 28 अंश असेल तर साधारण क्रम असा दिसतो. पहिल्या दिवशी पेशी दुभंगत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रूण पुटिकेतल्या द्रवात हळूहळू फिरायला लागतो. हा ट्रोकोफोर. समुद्रातल्या भाऊबंदांसारखा तो बाहेर येत नाही, पुटिकेतलाच द्रव पीत आतच वाढतो. मग झालरीची खूण दिसते, पण ती खुजी असते, कारण इथे पोहायचं नाही. पाठीवर कवचाची वाटी येते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या पुढे दोन काळे डोळे दिसतात आणि कवचाच्या आत हृदय धडधडताना दिसतं. आठवडा ते दहा दिवसांत पिल्लू पुटिका फोडून बाहेर सरपटतं. थंडीत याला बराच जास्त वेळ लागतो.

व्हेलिजर पाहायला समुद्रच हवा असं मानणाऱ्यांना मी आवर्जून ही बरणी दाखवते. पूर्ण वाढ, अंड्यापासून पिल्लापर्यंत, एकाच काचपट्टीवर पाहायला मिळते, आणि समुद्री डिंभाच्या बाबतीत हे घरी जवळपास अशक्य आहे.

पायरी दुसरी: आठ पेशी आणि डावं-उजवं

या पायरीसाठी वेळ काढा. हिच्याकरताच लिम्निया आणि फायसा दोन्ही हव्यात.

प्रौढ कवच टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. लिम्नियाचं तोंड उजव्या बाजूला येतं, फायसाचं डाव्या. आता दोघींची ताजी अंडी घ्या. अंडं दोन पेशींचं होतं, मग चार पेशींचं. चारच्या आठ होताना वरच्या बाजूला चार लहान पेशी सुटतात आणि खालच्या चार मोठ्या पेशींच्या नेमक्या डोक्यावर न बसता मधल्या खाचांमध्ये वळून बसतात. मृदुकायांच्या या सर्पिल विदलनात (वळत होणाऱ्या दुभंगण्यात) लिम्नियाच्या पेशी वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं वळतात, फायसाच्या उलट दिशेनं. कवचाचा एक कणही अजून तयार झालेला नसतो, तरी ते कोणत्या बाजूला वळणार हे तिथे ठरलेलं दिसतं.

वरची बाजू कशी ओळखायची? अंड्याला चिकटलेले एक-दोन अगदी बारीक ठिपके शोधा. ते ध्रुवपिंड, आणि ते असतात तीच वरची बाजू. सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा 180 अंशांत फिरलेली असते, पण आरशातल्यासारखी उलटी होत नाही, म्हणून डावं-उजवं बदलत नाही. मात्र अंडं पालथं पडलं असेल आणि तुम्ही खालून पाहत असाल तर दिशा उलटी दिसेल. ठिपके सापडेपर्यंत पट्टी हलकेच सरकवत राहा. पहिल्या दोन-चार पट्ट्यांत हा क्षण हुकतो, कारण आठ पेशींची अवस्था फार वेळ टिकत नाही. अंडी घातल्यापासून तीन तासांनी पाहायला सुरुवात करा आणि दर वीस मिनिटांनी डोकावा.

हे वळण पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवर अवलंबून नसतं, आईच्या जनुकांवर असतं. बॉयकॉट आणि डायव्हर यांनी 1923 मध्ये लिम्नियाच्या उलट्या वळणाच्या गोगलगायींवरचे प्रयोग मांडले आणि त्याच वर्षी स्टर्टेव्हंटनं त्याचा अर्थ लावला. जपानमध्ये मसानोरी आबे आणि रेइको कुरोदा यांनी 2019 मध्ये लिम्नियातलं एक जनुक क्रिस्पर या जनुक-बदलाच्या तंत्रानं बंद करून डाव्या वळणाच्या गोगलगायी मिळवल्या आणि तो प्रश्न रेणूंच्या पातळीवर सोडवला.

पूजेतला दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबानं डाव्या वळणाचा असतो. टर्बिनेला पायरम या जातीत असा शंख अतिशय दुर्मीळ. बाजारात मात्र त्याच नावानं अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, मुळातच डाव्या वळणाचा शंख पुष्कळदा विकला जातो. आठ पेशींचं चित्र एकदा डोळ्यांत बसलं की या दुर्मीळपणाचा अर्थ नीट कळतो: जातीच्या अंड्यांची पहिली वळणंच ठरावीक दिशेची असतात.

पायरी तिसरी: कालवं फळवणं

आता समुद्र. सुरुवातीला कालवंच घ्या, तिसऱ्या किंवा शिणाणे घेऊ नका. कोकणातली क्रॅसोस्ट्रिया आणि सॅकोस्ट्रिया कालवं अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतात, आणि त्यांची अंडी अंगातून खरवडून काढली तरी फळतात. तिसऱ्या-शिणाण्यांची खरवडून काढलेली अंडी बहुधा फळत नाहीत, कारण ती शेवटची पक्वता अंगातून बाहेर पडताना गाठतात. त्यांना पाण्याचं तापमान वर-खाली करून स्वतःहून अंडी सोडायला लावावं लागतं, आणि ते नवख्याचं काम नव्हे.

कालवं काढणाऱ्या मावशींकडून त्याच सकाळी काढलेली, न फोडलेली, घट्ट मिटलेली दहा-बारा कालवं घ्या. आकार मिश्र हवेत. कालवं बहुधा आधी नर असतात आणि पुढे अनेक मादी होतात, त्यामुळे सगळी लहान घेतली तर मादी मिळणारच नाही अशी वेळ येते. स्वतः काढणार असाल तर जागा कोणती आहे ते आधी पाहा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून संरक्षित आहे, तिथे हात लावू नका.

समुद्राचं पाणी भरतीला, खाडीच्या मुखाकडच्या बाजूनं घ्या आणि कॉफीच्या कागदातून गाळा. सामू (पीएच) 8 च्या आसपास असावा. ही अट किरकोळ वाटते, पण नाही. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत (कालवांचे डिंभ वाढवण्याच्या केंद्रात) 2007 नंतरच्या दोन-तीन वर्षांत कालवांचे डिंभ मोठ्या प्रमाणावर मेले. खोल समुद्रातून वर आलेलं, कार्बन डायऑक्साइडनं आम्ल झालेलं पाणी हे कारण निघालं. पहिलं कवच एका-दोन दिवसांत भराभर बनतं आणि त्या वेळी डिंभाकडे ताकदीचा साठा फक्त अंड्यातला असतो. पाण्यानं साथ दिली नाही तर कवच पुरं होतच नाही. तिथे पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळून सामू सावरला गेला.

कवचं ब्रशनं घासून धुवा. जाड हातमोजे घालून बिजागरीच्या बाजूनं सुरी घाला. पिकलेल्या कालवाच्या अंगावर हिरवट-तपकिरी पचनग्रंथीला झाकणारा जाड, सायीच्या रंगाचा थर दिसतो. तो पातळ, पारदर्शक असेल तर कालव अजून तयार नाही किंवा रिकामं झालेलं आहे. अशी सगळीच निघाली तर प्रयोग पुढच्या महिन्यावर टाका.

रंगावरून नर-मादी कळत नाही. थराचा टाचणीच्या टोकाएवढा भाग काचेवर पाण्याच्या थेंबात पसरा. कणीदार दिसलं आणि भिंगाखाली लांबट, नासपतीच्या आकाराच्या मोठ्या पेशी दिसल्या तर मादी. दुधाळ रेघ पसरली आणि अतिसूक्ष्म ठिपके थरथरताना दिसले तर नर. प्रत्येक कालवानंतर सुरी गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर नकळत आधीच फळणं सुरू होतं.

दोन-तीन माद्यांची अंडी ड्रॉपरनं अर्धा लिटर समुद्राच्या पाण्यात सोडा. पचनग्रंथी फुटू देऊ नका, तिच्या रसानं अंडी खराब होतात. जाळीदार नायलॉन कापडातून गाळून मांसाचे तुकडे काढा. मग अर्धा तास थांबा. लांबट अंडी गोल होतात आणि त्यांच्या मधला फिकट, गोल भाग विरघळतो. ही तयारीची खूण. घाईनं लगेच शुक्रपेशी घातल्या की निम्मी अंडी तशीच राहतात.

शुक्रपेशी वेगळ्या भांड्यात, पाणी जेमतेम दुधाळ होईल इतक्याच. त्यातले एक-दोन मिलिलिटर अंड्यांमध्ये मिसळा. काचेवर पाहा: अंड्याच्या कडेला पाच-दहा शुक्रपेशी दिसल्या तर पुरे. जास्त घातल्या तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि वाढ विकृत होते. बहुतेकांचा हात इथेच सैल सुटतो.

पाणी 27-28 अंशांचं असेल तर अर्ध्या तासाच्या आत ध्रुवपिंडाचा ठिपका दिसेल. तासा-दीड तासात पहिलं दुभंगणं. आता घाबरू नका: अंडं दोनाऐवजी तीन फुगवट्यांचं दिसेल. तिसरा फुगवटा म्हणजे ध्रुवखंड, पेशीद्रव्याचा तात्पुरता बाहेर आलेला भाग. तो थोड्या वेळानं एका पेशीत परत सामावतो आणि म्हणूनच दोन पेशी लहान-मोठ्या राहतात. नवखे लोक इथे अंडी बिघडली समजून सगळं ओतून देतात.

अंडी तळाशी बसली की वरचं तीन-चतुर्थांश पाणी ओतून ताजं गाळलेलं पाणी घाला, म्हणजे उरलेल्या शुक्रपेशी कुजणार नाहीत. मग पसरट भांड्यात अंड्यांचा एकेरी, विरळ थर राहील इतकीच ठेवा, बाकीची द्या सोडून. एका मोठ्या मादीत दहा लाखांहून जास्त अंडी सहज असतात आणि ती सगळी वाढवायचा मोह हमखास सगळ्यांना संपवतो.

चार-सहा तासांत गोळे पोहत वर येतात. बाजूनं विजेरी मारली तर पाण्याच्या वरच्या थरात धुरकटपणा दिसेल. दहा-बारा तासांनी ट्रोकोफोर. दुसऱ्या दिवशी, वीस ते चोवीस तासांच्या सुमारास, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं दोन झडपांचं पारदर्शक कवच आणि त्यातून बाहेर काढलेली झालर दिसते. लांबी साधारण 65 ते 75 मायक्रॉन. सरळ कडा ही बिजागरी.

झालर नीट पाहायची असेल तर अडचण येते, कारण काचेवर आणताच डिंभ ती आत घेतो. मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक लिटरभर गोड्या पाण्यात 75 ग्रॅम विरघळवा आणि त्यातला एक भाग डिंभांच्या पाण्याच्या एका भागात मिसळा. स्नायू सैल पडतात, झालर बाहेर राहते, पक्ष्माभिका हलतात. दहा मिनिटांत पाहून घ्या.

पहिल्या वेळी इथेच थांबा. यापुढे त्याला दोन ते पाच मायक्रॉनचं जिवंत शेवाळ रोज द्यावं लागतं, पाणी दोन दिवसांनी बदलावं लागतं, आणि जिवाणू जराही वाढले तर एका रात्रीत सगळं संपतं. ज्यांना पुढे जायचंच आहे त्यांनी मत्स्य महाविद्यालयात किंवा हॅचरीत काही दिवस हाताखाली काम करावं. कोकणातल्यांना रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. उरलेले डिंभ, ज्या खाडीची कालवं होती त्याच खाडीत भरतीला सोडा. पहिल्या पायरीतली फायसा मात्र कुठल्याही तळ्यात सोडू नका, ती बाहेरून आलेली आणि झपाट्यानं पसरणारी जात आहे.

पायरी चौथी: खाडीचं पाणी

आता तुमच्या डोळ्यांना डी-आकार माहीत आहे, म्हणून आता जाळं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे सेंटीमीटरला 120 धाग्यांचं पॉलिस्टर कापड मिळतं, त्याची छिद्रं 50 मायक्रॉनच्या आसपास असतात. त्याचा शंकू शिवा, रुंद तोंडाला तारेचं कडं, टोकाला छोटी बाटली. जेटीवरून, भरतीचं पाणी आत येत असताना, बादलीनं पाणी उपसून शंकूतून ओता. पन्नास-साठ लिटर गाळलं की बाटलीत पुरेसं जमतं.

थेंबातून शिंपल्यांचे डिंभ वेगळे काढायला एक खात्रीची पद्धत आहे. ध्रुवक (पोलरायझर) फिल्मचे दोन तुकडे घ्या. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्मसुद्धा चालते. एक दिव्यावर, एक डोळ्याकडच्या भिंगावर ठेवून वरचा तुकडा फिरवत जा. पार्श्वभूमी काळी होईल आणि शिंपल्यांचे डिंभ त्यात झळाळून उठतील, प्रत्येकावर एक काळी फुली. कवचातल्या अ‍ॅरागोनाइट या चुन्याच्या स्फटिकांच्या रचनेमुळे असं दिसतं. ऑस्ट्राकोड नावाचे दोन झडपांचे बारीक कवचधारीही चमकतात, पण त्यांच्या झडपांमधून पाय बाहेर येतात. डिंभाला पाय असलाच तर एक, आणि तो जिभेसारखा मऊ.

सरळ बिजागरीचा तो पहिल्या दिवसांतला. बिजागरीच्या मध्यावर गोलसर उंचवटा आलेला, 100 मायक्रॉनच्या पुढचा, तो वाढता. काळा डोळा आणि पाय दिसला, लांबी 280-300 च्या घरात, तर कालवाचा बसायला आलेला. कोणत्या जातीचा, हे नुसत्या नजरेनं सांगायचा मोह टाळा. उंचवटा येण्याआधी तिसरी, कालव आणि शिणाणा एकमेकांसारखेच दिसतात.

गोगलगायींचे व्हेलिजर वेगळे कळतात: कवच एकच आणि वळलेलं, झालरीचे दोन किंवा जास्त मोठे पाळे. याच अवस्थेत त्यांच्या शरीराचा मागचा भाग डोक्याच्या तुलनेत 180 अंश फिरतो आणि गुदद्वार डोक्याच्या वर येतं. हा पीळ मोठ्या गोगलगायीत आयुष्यभर राहतो, काही समुद्री गोगलगायींत तो पुढे अंशतः सुटतो. आणि कवच नसलेला नुसता ट्रोकोफोर दिसला तर तो मृदुकायाचा आहे असं धरू नका, समुद्री कृमींचा पहिला डिंभही तसाच असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर वळ्या दिसू लागल्या की तो कृमीचा.

मुंबईकरांना जाळं नको असेल तर ओहोटीला हाजी अली किंवा कार्टर रोडच्या कातळांवर फिरावं. समुद्री गोगलगायींच्या गुंडाळलेल्या, जेलीसारख्या फिती आणि शंखांच्या अंडपुटिका खडकांच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या असतात. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारा-फेऱ्यांत त्या ओळखायला शिकता येतात. फीत उपटून आणू नका. किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात भिंग धरून पाहा आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवा, कारण त्याची खालची बाजू उन्हात राहिली तर तिच्यावरचं सगळं मरतं.

पायरी पाचवी: बसण्याची जागा

जाळ्यात डोळ्याचे डिंभ दिसू लागले की कालवांची रिकामी, धुतलेली कवचं भोकं पाडून दोरीत ओवा आणि जेटीच्या खांबाला भरती-ओहोटीच्या मधल्या पातळीवर टांगा. परवानगी आधी घ्या. कालवाचा डिंभ पायानं सरपटत जागा तपासतो आणि आपल्याच जातीच्या कवचांकडे ओढला जातो. बसला की सिमेंट सोडून डावं कवच कायमचं चिकटवतो, मग पाय आणि डोळा विरून जातात. शिणाण्यांचं वेगळं. ते चिकटत नाहीत, धाग्यांनी धरून ठेवतात, आणि लहान असताना लांब धागा सोडून प्रवाहाबरोबर दुसरीकडे जाऊही शकतात.

दोन-तीन आठवड्यांनी माळ वर काढा. बार्नाकल (खडकांना चिकटणारे छोटे कवचधारी) भरपूर असतील, त्यांना शंकूसारख्या भिंती असतात. सपाट, गोलसर, नखाएवढ्या किंवा त्याहून लहान चकत्या शोधा. हे कालवाचं पिल्लू. त्याच्या टोकाशी दहा पटीचं भिंग लावलं तर पाण्यात तरंगत असतानाचं कवच गुळगुळीत ठिपक्यासारखं वेगळं दिसतं, आणि त्याच्या कडेपासून खडबडीत, नवं कवच सुरू होतं.

शंखांमध्ये हे आणखी स्पष्ट वाचता येतं. वाळूतून झिजलेला नसलेला छोटा शंख उचला आणि टोक पाहा. सुरुवातीचे गुळगुळीत वेढे बारीक आणि बरेच असतील तर त्या जातीचा डिंभ पाण्यात खात-पोहत बराच काळ राहिला. एखादाच मोठा, फुगीर वेढा असेल तर तो अंड्यातल्या पिवळ्या बलकावर वाढला आणि फारसा न पोहता बाहेर आला. डिंभ न पाहताही त्याचं बालपण असं कळतं.

नमुने जपताना

साध्या फॉर्मालिनमध्ये ठेवू नका. ते आम्ल असतं आणि डिंभाचं कवच काही दिवसांत विरघळवतं. 70 टक्के अल्कोहोल वापरा. बाटलीत आतच चिठ्ठी टाका, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान आणि क्षारता. क्षारता मोजायचं साधन नसेल तर निदान शेवटचा मोठा पाऊस कधी झाला तेवढं लिहा.